"साहेब, कमी गेला" म्हणणारा माणूस हवाय

प्रति,
ठाणे-बेलापूर रस्ता आणि घोडबंदर पट्ट्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांमधली एचआर मंडळी, तसेच मुलाखतीच्या पॅनेलवर बसणारे माझे सहकारी यांस,

स.न.वि.वि.

मुलाखत संपल्यावर आपण जो फॉर्म भरतो, त्यातल्या एका रकान्याबद्दल हे पत्र आहे. टेक्निकल, प्रॉब्लेम सॉल्व्हिंग, कम्युनिकेशन वगैरे भरून झालं की सगळ्यात खाली 'कल्चर फिट' लिहिलेलं असतं आणि पुढे एक ते पाच आकडे. वर काहीही भरलेलं असो, खाली दोन पडले की उमेदवार गेला. का गेला हे कुणी विचारत नाही, कारण या रकान्याला कारण द्यावं लागत नाही. एकोणीस वर्षं मी या धंद्यात आहे, त्यातली अकरा पॅनेलवर. महापे, ऐरोली आणि घोडबंदर रोड अशा तीन ठिकाणी नोकऱ्या झाल्या. कुठे त्याला 'पर्सनॅलिटी' म्हणायचे, कुठे 'ओव्हरऑल इंप्रेशन'. रकाना तोच.

मीही त्यात दोन लिहिले आहेत. किती जणांना लिहिले ते आठवत नाही, पण एक मुलगा आठवतो.

ऐरोलीतला शनिवारचा वॉक-इन ड्राइव्ह होता. जागा दोन वर्षं अनुभवाच्या जावा डेव्हलपरची. मुलगा शहापूरकडचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग डिप्लोमा, मग इंजिनिअरिंग. आसनगावहून सकाळची लोकल पकडून ठाणे, तिथून ट्रान्स हार्बर, असा आलेला. शर्टावर बॅगेच्या पट्ट्यांखालचा घाम अजून वाळला नव्हता. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटल्यावर त्याने पाठ केलेलं सुरू केलं, मध्येच अडकला, आणि पाढे म्हणणारी पोरं करतात तसा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. माझ्या शेजारी बसलेला सहकारी गालातल्या गालात हसला.

मग मी माझा नेहमीचा कागद पुढे केला. चाळीसेक ओळींचा कोड, दिवसभराचे व्यवहार मोजून रिपोर्ट काढणारा. त्यात मी एक चूक पेरून ठेवलेली असते: लूप, म्हणजे एकेक नोंद मोजत जाणारा कोडचा भाग, शेवटच्या नोंदीच्या आधीच थांबतो. बहुतेकांना ती दहा मिनिटांत सापडते, काहींना सापडतच नाही. याला पाचेक मिनिटांत सापडली. पेन्सिलीने त्यावर गोल केला, आणि कागद परत द्यायचा सोडून तसाच बघत बसला. मग मराठीत विचारलं, "मॅडम, हा सर्व्हर कुठल्या वेळेवर चालतो?"

मी म्हटलं, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरा.

"मग रात्री बारा ते साडेपाचमधले व्यवहार आदल्या दिवसात जातील ना? आपली वेळ साडेपाच तास पुढे आहे."

ही चूक मी पेरलेली नव्हती. चार वर्षं तो कागद मी वापरत होते आणि माझ्या स्वतःच्या हे लक्षात आलं नव्हतं. पेमेंटच्या कामात असली चूक महिनाअखेरीला हिशेब जुळत नाही म्हणून वर येते आणि अख्ख्या टीमचा आठवडा खाते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्यानंतर एचआरच्या मॅडमनी पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतोस ते इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, "मॅम, हिअर ओन्ली. मीन्स, जॉब." सगळे हसले, तोही हसला. तो गेल्यावर फॉर्म भरला: टेक्निकल चार, कल्चर फिट दोन, शेरा 'लो एनर्जी'. तिघांच्या सह्या. त्यातली एक माझी. पावणेदोन वाजले होते, डबा उघडायचा होता आणि बाहेर अजून नऊ जण बसले होते. याहून मोठं कारण माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही.

आता यात गंमत अशी, की त्या जागेवर आम्ही ज्याला घेतलं तो चांगलाच निघाला. वेळेत काम करतो, कुणाशी वाकडं नाही. म्हणजे त्या शनिवारी आमचं काही चुकलं, असं कुठल्याही रिपोर्टमध्ये दिसणार नाही. चुकीच्या माणसाला घेतलं तर तो रोज समोर बसलेला असतो, त्याचा हिशेब निघतो. चांगल्याला परत पाठवलं तर तो ऐरोली स्टेशनच्या जिन्यावरून खाली उतरतो आणि संपलं. आपल्या धंद्यात या दुसऱ्या चुकीचा लॉगच (नोंदच) निघत नाही. मग आपण मनाशी म्हणतो, आपल्याला माणूस कळतो.

तुम्ही म्हणाल, म्हणजे स्वभाव बघूच नये का? फक्त कोड बघावा?

तसं मी अजिबात म्हणत नाही. स्वभावाची किंमत मी मोजलेली आहे, रात्रीच्या तासांत. आमच्या टीममध्ये एक जण होता. डोकं असं, की डेटाबेसची संथ चालणारी क्वेरी नुसती वाचून कुठे इंडेक्स नाही ते सांगायचा. सगळे त्याला मानायचे, मीही. एका रिलीजच्या, म्हणजे नवा कोड चालू करायच्या, दिवशी दुपारी पेमेंट अडकत होती म्हणून त्याने थेट प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या सिस्टिमवर, जाऊन कॉन्फिगरेशनच्या फाइलमधला एक टाइमआउट (किती वेळ वाट बघायची तो आकडा) बदलला. काम झालं. पण ना कुणाला सांगितलं, ना तिकिटात (कामाच्या नोंदीत) लिहिलं, ना तो बदल गिटमध्ये, म्हणजे टीमच्या कोडच्या सामायिक साठ्यात, टाकला. रात्री अकराला रिलीज गेलं, त्याने जुनी फाइल वर बसवली आणि पेमेंट पुन्हा अडकायला लागली. सपोर्टला त्या रात्री एकटी मुलगी होती, आठ महिने अनुभवाची. तिला वाटलं नव्या कोडमध्येच काहीतरी आहे. तिने रिलीज मागे घेतलं, तरी तेच, कारण मागची फाइलही जुनीच. त्याला सात फोन केले. त्याने उचलले नाहीत. सव्वाचारला कारण सापडलं. सकाळच्या कॉलवर त्याने शांतपणे सांगितलं, "अरे हो, ते मी काल बदललं होतं," आणि वर तिलाच विचारलं, "लॉग नीट बघितले नव्हतेस का?"

ती मुलगी तीन महिन्यांत गेली. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा, म्हणजे कॉफी मशीनपाशी रडून आली त्याच आठवड्यात तिने राजीनामा टाकला असणार. ती जागा भरायला आम्हाला पाच महिने लागले.

तेव्हा स्वभाव बघायचा, हे कबूल. पण कुठला स्वभाव? आणि कुठे बसून? हा माणूस मुलाखतीत कसा होता हे मी मुद्दाम जुना फॉर्म काढून पाहिलं. कल्चर फिट: पाच. क्रिकेटवर गप्पा झाल्या होत्या म्हणे.

माझे वडील वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. पुढे चार्जहँड (कामगारांच्या तुकडीचे प्रमुख) झाले आणि नव्या पोरांची ट्रेड टेस्ट त्यांच्याकडे आली. आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन आलेल्या पोराला ते एक लोखंडी पट्टी द्यायचे, ड्रॉइंग द्यायचे आणि शेगड्यापाशी (लोखंड घट्ट पकडणाऱ्या व्हाइसपाशी) उभं करायचे. मेल-फीमेल जोड करायचा: एका तुकड्यात खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारी जीभ. वेळ चार तास. शेवटी जोड बसवून खिडकीकडे धरायचा आणि फटीतून उजेड किती येतो ते बघायचं. जोड किती घट्ट बसला, हे तर बघायचेच. पण रात्री जेवताना ते जे सांगायचे, ते वेगळंच असायचं. कानशी एकावर एक टाकतो का फडक्यावर शेजारी शेजारी ठेवतो. मापाची शंका आली तर विचारतो का अंदाजाने घासत राहतो. जाताना शेगडा पुसतो का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कानस एकदा जास्त फिरून तुकडा मापाला कमी गेला, तर तो काय करतो. ते सगळ्यांचंच कधी ना कधी होतं, घासलेलं लोखंड परत येत नाही. काही पोरं तो तुकडा खिशात घालून भंगारातून दुसरा उचलायची. काही जण ठोकून ठोकून कड पसरवायचे, म्हणजे माप भरल्यासारखं दिसतं. आणि एखादा तुकडा घेऊन यायचा आणि सांगायचा, "साहेब, कमी गेला."

"त्याला घ्यायचं," वडील म्हणायचे. "हात शिकवता येतो."

मला हे वाक्य पूर्ण पटत नाही, हे इथेच सांगून टाकते. प्रत्येक हात शिकवता येत नाही, आणि आपल्याकडे 'शिकून घेईल' म्हणत घेतलेली, दोन वर्षांनीही पॉइंटर आणि प्रार्थना यांत फरक न करणारी माणसं मी पाहिली आहेत. वडील तरी ज्याला शेगड्याला तुकडा सरळ लावता येत नाही त्याला घेत नसतच. पण त्या टेस्टमध्ये हात आणि स्वभाव अशा दोन फेऱ्या नव्हत्या. एकाच पट्टीवर, त्याच चार तासांत, दोन्ही दिसायचं. आपण त्याचे दोन तुकडे केले. टेक्निकल राउंडमध्ये माणूस नसलेला कोड बघतो, एचआर राउंडमध्ये काम नसलेला माणूस बघतो.

काम नसलेला माणूस बघितला की जे दिसतं, त्याला आपण पर्सनॅलिटी म्हणतो. खरं तर दिसतं ते बहुतेक वेळा इंग्रजी. कुठल्या शाळेत गेला, घरात कोण इंग्रजी बोलतं, मुंबई-पुण्यातल्या कॉलेजात ग्रुप डिस्कशनचा सराव कुणी करून घेतला, हे सगळं पहिल्या दोन मिनिटांत कानावर पडतं आणि आपण त्यालाच 'कॉन्फिडन्स' असं नाव देतो. मग तोच कॉन्फिडन्सवाला आपल्याकडे येतो आणि दिवसभर काय बोलतो? क्लायंटच्या कॉलवर इंग्रजी, ते संपलं की 'अरे यार, बिल्ड फिरसे फट गया' आणि जेवणाच्या टेबलावर मराठी. इंग्रजी लागतं त्या जागांना लागतं, त्याबद्दल वाद नाही. क्लायंटशी रोज बोलायचं असेल तर जाहिरातीत तसं लिहा आणि इंग्रजीचे गुण इंग्रजीच्या नावाने द्या. ॲटिट्यूडच्या नावाने देऊ नका.

मुलींच्या बाबतीत हाच रकाना आणखी लवचीक होतो. ठामपणे बोलली तर 'थोडी ॲग्रेसिव्ह', हळू बोलली तर 'लो कॉन्फिडन्स'. आणि एचआर राउंडच्या शेवटी, पेन खाली ठेवून, सहज विचारल्यासारखं: "मग घरी पुढचं काय ठरलंय?" मलाही विचारलं होतं, महापेला, 2006 मध्ये. मी म्हटलं होतं, घरी पुढचं म्हणजे फ्रीज घ्यायचा ठरलंय. नोकरी मिळाली. पण प्रत्येकीला फ्रीज सुचेलच असं नाही, आणि सुचायची गरजही नसावी.

या सगळ्यावर अभ्यास नाही असंही नाही. 1966 साली अमेरिकेत विल्यम कॅनन आणि डॅलिस पेरी या मानसशास्त्रज्ञांनी तेराशेहून जास्त प्रोग्रामरांच्या आवडीनिवडी तपासल्या. त्यातले बहुतेक पुरुषच होते. निष्कर्ष असा काढला, की या मंडळींचं ठळक वैशिष्ट्य म्हणजे त्यांना माणसांत रस नसतो. त्या काळात भरतीत असल्या चाचण्या सर्रास चालायच्या, त्यामुळे माणूसघाणेपणा हीच जणू पात्रता होऊन बसली. आज आपण बरोबर उलट्या टोकाला आलोय, टीममध्ये मिसळणारा, हसतमुख, एनर्जीवाला हवाय. तेव्हा माणूसघाणे हवे होते, आता गप्पिष्ट हवेत. काम करताना तो कसा वागतो हे तेव्हाही कुणी बघितलं नाही.

दुसरा अभ्यास अलीकडचा, 2022 चा, पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. भरतीच्या कुठल्या पद्धतीवरून पुढचं काम कसं होईल याचा किती अंदाज येतो, हे त्यांनी जुने अभ्यास एकत्र करून पुन्हा मोजलं. शून्य म्हणजे काहीच अंदाज नाही, एक म्हणजे अचूक. ठरलेले प्रश्न सगळ्यांना विचारून ठरलेल्या पट्टीवर गुण देणारी मुलाखत: 0.42. त्या कामाच्या ज्ञानाची परीक्षा: 0.40. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं: 0.33. मोकळ्या गप्पांची मुलाखत: 0.19. व्यक्तिमत्त्वाच्या चाचणीतून मोजलेला कामसूपणा, तोही 0.19 च्याच आसपास.

हे आकडे पूर्णपणे माझ्या बाजूचे नाहीत, ते लपवत नाही. कामाच्या नमुन्याला 1998 च्या प्रसिद्ध अभ्यासात 0.54 दिले होते, आता ते बरेच खाली आले. म्हणजे वडिलांची शेगड्यापाशी उभं करायची पद्धत म्हणजे जादू नव्हे. पण आपण जे करतो, म्हणजे क्रिकेट, पाच वर्षांनी कुठे, ताकद काय आणि उणीव काय, ते वरच्या यादीत तळाला आहे. चार अक्षरी स्वभावाच्या ज्या ऑनलाइन चाचण्या काही ठिकाणी फॉर्मबरोबर पाठवतात, त्यातली सगळ्यात प्रसिद्ध जी आहे तिचे कर्तेच सांगतात की भरतीसाठी ती वापरू नका. पाकिटावर लिहिलंय, तरी आपण वापरतो.

मग करायचं काय? मला जे जमलंय तेवढंच सांगते. त्या मुलानंतर मी माझ्यापुरती पद्धत बदलली. उमेदवाराला तासभर शेजारी बसवते, समोर नाही. आमच्याच जुन्या प्रोजेक्टमधला, नावं बदललेला, थोडा मोडका कोड देते आणि दोघं मिळून दुरुस्त करतो. भाषा कुठलीही. त्यात मी एक गोष्ट मुद्दाम अर्धवट सांगते, उदाहरणार्थ 'रिफंड झाला की ग्राहकाला कळवायचं', बस. कसं, कधी, रिफंड फसला तर काय, हे काही नाही. विचारतो का, ते बघते. मध्येच एकदा त्याच्या बरोबर असलेल्या गोष्टीवर मी चुकीची शंका काढते. दबतो, चिडतो का समजावून सांगतो, तेही बघते. (हे करताना मला दरवेळी थोडं अपराधी वाटतं. शेवटी सांगून टाकते की मुद्दाम केलं होतं.) आणि कुठेतरी त्याचं चुकतंच, माझंही चुकतं. तिथे "अरे, हे मी उलटं केलं" असं तो स्वतःहून म्हणाला, की माझ्या कागदावर खूण होते. प्रश्न तेच, खुणा त्याच, सगळ्यांना सारख्या. खुणा मुलाखतीआधी ठरलेल्या. पॅनेलवरच्या दुसऱ्या माणसाने आपले गुण माझ्याशी बोलण्याआधी लिहायचे, कारण माझ्या चेहऱ्यावरून वाचून लिहिलेले गुण काय कामाचे.

वेळ जास्त जातो, मान्य. शनिवारी चाळीस जण आले तर प्रत्येकाला तास देता येत नाही. म्हणून आधी अर्ध्या तासाची साधी लेखी चाचणी, जागेवर बसून. जागेवर असं मुद्दाम म्हणते, कारण घरून दिलेल्या कोडिंग टेस्टवर आता चॅटजीपीटीमुळे भरवसा उरलेला नाही, आणि व्हिडिओ कॉलवर एक जण ओठ हलवतोय नि आवाज दुसऱ्याचा येतोय असले प्रकार आपण सगळ्यांनी पाहिलेत. शेजारी बसल्यावर हा प्रश्न आपोआप सुटतो. एआय वापरून काम करायचंच असेल तर माझ्यासमोर वापर, म्हणावं. त्याने दिलेलं उत्तर तू तपासतोस का तसंच चिकटवतोस, तेही मला बघायचंच आहे.

माझी मागणी छोटी आहे. फॉर्ममधला 'कल्चर फिट' काढा. त्याच्या जागी चार ओळी ठेवा: अर्धवट सांगितलं तेव्हा विचारलं का; स्वतःची चूक स्वतः सांगितली का; मतभेद झाला तेव्हा कसा बोलला; केलेलं काम दुसऱ्याला कळेल असं लिहून ठेवलं का. प्रत्येक ओळीपुढे आकडा नको, काय घडलं ते एका वाक्यात. वाक्य सुचलं नाही तर रकाना रिकामा ठेवा आणि त्यावरून कुणाला परत पाठवू नका.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे पुन्हा ड्राइव्ह आहे. कागद तोच ठेवलाय, फक्त त्या पोराने दाखवलेली वेळेची चूक आता मी मुद्दाम आत राहू दिली आहे. आजवर ती आणखी दोघांना सापडली. एक आता माझ्या टीममध्ये आहे. दुसरीला नेरूळच्या एका कंपनीने आमच्याआधी ऑफर दिली.

कळावे,
आपली,
पॅनेलवरची एक, ऐरोली